दिंद्रुडवरचा ढग

मित्रांनो, तुमच्या आजोबांच्याही आधी जन्मलेलं मी एक लढाऊ विमान आहे. एक इंजिन, पुढे एक पंखा आणि आत एकाच माणसाची जागा. तरुणपण उत्तरेच्या डोंगरांवर गस्त घालण्यात गेलं. तिथे ढगात शिरलं की पंखांच्या कडांवर बर्फ साचायचा, अंग जड व्हायचं आणि वर राहणं मुश्कील व्हायचं. तरी कौतुक फार व्हायचं. पुढे जेट विमानं आली आणि मला कुणी विचारेनासं झालं.

माझी वैमानिक राजनंदिनी हिने मात्र मला जीव लावला. दिंद्रुड गावचे मेंढपाळ अर्जुनराव, त्यांची ही मुलगी. यंदा श्रावणात मला संग्रहालयात पोचवायचं ठरलं. माझं शेवटचं उड्डाण, आणि वाट नेमकी दिंद्रुडवरून. अर्जुनरावांनी लेकीला उडताना कधी पाहिलं नव्हतं. निघण्याआधी तिने फोन लावला.

“आबा, आज तुमच्या डोक्यावरून जाते.”

“आभाळ लई भरलंय, बाई. दिसंल का?”

“खाली येते की.”

वर ऊन होतं आणि खाली ढगांची दुलई पसरली होती. झोपेतच तरंगतोय, असं वाटत होतं. दिंद्रुड आलं तशी तिने इंजिनाची ताकद कमी केली आणि आम्ही ढगात उतरलो. आत सगळं पांढरं, वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेना.

इतक्या उबेत पंखांवर बर्फ धरत नाही. पण माझ्या गळ्यात, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतात त्या कार्बोरेटरमध्ये, पेट्रोलची वाफ होते, तेव्हा तिथे माठासारखा गारवा येतो. ढगातला ओलावा तिथेच गोठू लागला. माझा गळा आवळला, धाप लागली.

राजनंदिनीने कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारी दांडी ओढली. बर्फ वितळला, पाणी इंजिनात गेलं आणि माझा खोकला आणखीच वाढला. घाबरून तिने दांडी परत ढकलली असती, तर खेळ खलास होता. तिने ती ओढूनच धरली. हळूहळू माझा श्वास मोकळा झाला.

आणखी थोडं उतरलं असतं, तर कदाचित आबा दिसले असते. पण ढग कुठे संपतो, कुणास ठाऊक. तिने मला वर उन्हात नेलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि माझाही जीव तुटत होता.

उतरल्यावर तिने फोन केला. “आबा, खाली यायला जमलं न्हाई.”

“आवाज आला की. मधी लई खोकलं ते. माघारी वर गेलं तवा जिवात जीव आला माझ्या.”

पुढच्या आठवड्यात अर्जुनराव संग्रहालयात आले. मला पुसून लख्ख केलेलं होतं. ते माझ्यासमोर उभे होते, पण नजर लेकीच्या तोंडावरून हलेना.

“आबा, इमान बघा ना.”

“बघतो. आधी तुला बघू दे.”

मित्रांनो, मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तुम्हीही मला भेटायला या. पंखांवर नावं तेवढी कोरू नका. आणि मला जपून खाली आणणारी ती जवळपास दिसलीच, तर आधी तिच्याकडे बघा.