मुलुंडच्या हॉलमधलं हिम

सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या एकशेवीस, माणसं दोनशे अकरा, पंखे आठ, त्यांतले चालू पाच. व्यासपीठावर चांदीची वाटी एक आणि हिमानंद महाराज एक. फेब्रुवारी सरत आलेला, सगळे घामाघूम, आणि महाराजांच्या अंगावर काश्मिरी शाल.

"आज सकाळी साडेआठपासून उद्या सकाळी साडेआठपर्यंत," ते डोळे मिटून गर्जले, "काश्मीर-हिमाचलात बऱ्याच ठिकाणी हिमदेव उतरतील! पंजाबात तुरळक ठिकाणी गारा! मुंबई कोरडी!"

"कालचं तंतोतंत खरं ठरलं," शेजारच्या सुहासिनीताई कुजबुजल्या. "टीव्हीवर दाखवलं ना!"

जान्हवीला शिसारी आली. भौतिकशास्त्र शिकलेली ही मुलगी हवामान खात्याचं पत्रक रोज वाचायची. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणून खात्याचा दिवसही साडेआठला बदलतो. या ढोंग्याने चोरी करताना तेवढंही पुसलं नव्हतं.

महाराजांनी वाटीत पाणी ओतलं. बघता बघता पांढरंशुभ्र हिम फुगून काठावर आलं. हॉलभर जयजयकार.

"हे हिम उतरलं, की अडलेला घसा मोकळा!"

रांगेत पहिली होती जान्हवीची आई, शेवंती. चाकाच्या खुर्चीत बाबा. तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचं गिळणं बिघडलं. घास श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवंतीने चमचा त्यांच्या ओठांपाशी नेला.

जान्हवीने तिचं मनगट धरलं. "आई, थांब!"

"काय गो, देवाच्या प्रसादाक आडवी येतस?"

"देव साडेआठला ड्यूटी बदलतो काय?" जान्हवीने मोबाइलवरचं पत्रक मोठ्याने वाचलं. बऱ्याच ठिकाणी, तुरळक ठिकाणी, साडेआठ ते साडेआठ. शब्दाला शब्द.

महाराज हसले. "खात्याला प्रेरणा आमचीच, बाळ."

"पत्रक वाचलं असेल गं," मागून रांगेतला मुकुल म्हणाला, "पण हिम तर खरं ना?"

काल ते हिम पाहिल्यापासूनच जान्हवीला संशय होता. पिशवीतून तिने बाळाचा कोरा डायपर काढला, फाडला, आतली पूड पेल्यात झटकली आणि पाणी ओतलं. पेला पांढऱ्याशुभ्र हिमाने भरला.

"ही पूड पाणी शोषून फुगते. बाळाची शी-शू सांभाळायला केलेली वस्तू हा माणूस आजाऱ्यांना खायला घालतोय."

"च्यायला, काल मी दोन द्रोण खाल्ले!" मुकुल तोंड धरून नळाकडे धावला.

"पाखंडी!" महाराज किंचाळले. "आमचं हिम साक्षात हिमालयाइतकं शीतल आहे!"

"मग मोजूया." जान्हवीने प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणि घरच्या बर्फाचा थर्मास बाहेर काढला. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. चमत्कार सांगणाऱ्याला आधी विचारा, मोजून दाखवतोस का? आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आई, तूच वाच."

शेवंतीने चमचा बाजूला ठेवला, पदराने चष्मा पुसला. जान्हवी एकेका भांड्यात थर्मामीटर धरत गेली आणि शेवंती सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचत गेली.

हॉलमधली हवा, तीस अंश. डायपरचा पेला, एकोणतीस. थर्मासमधला बर्फ, शून्य. महाराजांची वाटी, एकोणतीस.