वाकडी कॉलर

ताई थकून गेली होती. धाकटा भाऊ आजारी पडल्यापासून टेलरिंगचं दुकान आणि तो, दोन्ही तिच्याच गळ्यात होते. आधी तिने त्याला आळशी ठरवून चांगलंच धारेवर धरलं. मग डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या आणि ताईने जीभ आवरली ती आवरलीच. त्याने दाढी केली, छान. दोन घास खाल्ले, छान. आता तो पुन्हा मशीनवर बसायला लागला होता, तर शिवेल तेही छान. तो घरी गेला की ताई ते गुपचूप उसवून नव्याने शिवायची.

आज मात्र तिचं डोकं उठलं होतं. त्याने पुढे केलेला शर्ट बघून ती बोलून गेली, "अरे, डावी बाही उजवीकडे लावलीस. उसव ती."

बोलली आणि लगेच शर्ट स्वतःकडे घ्यायला तिने हात पुढे केला.

भावाने शर्ट उलटापालटा करून पाहिला. "चुकलंच. आणि कालची कॉलर?"

"छान होती."

"ताई."

"वाकडी होती. मी परत लावली."

"माहितीये. तुझा टाका मी ओळखत नाही होय?" तो बाही उसवायला लागला. "रोज सकाळी तुझे टाके दिसायचे. वाटायचं, आपण कामातून गेलो."

ताईने खणातून त्याने शिवलेला आणखी एक शर्ट काढून त्याच्यासमोर टाकला.

"याचीही वाकडीच आहे," ती म्हणाली.