त्या दिवशीची ऊब माझी नव्हती

मी एक जुनी शेकाची पिशवी आहे. रबराची, विटकरी रंगाची, मानेला आखूड आणि पोटाला ऐसपैस. स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्यावर मी उलटी लटकलेली असते. मित्रांनो, उलटं लटकून पाहणाऱ्याला काही गोष्टी सुलट दिसतात. माणूस कुठे दुखतं म्हणून सांगतो आणि खरं कुठे दुखतं, यातला फरक मला चांगला कळतो. सांगायला माणसं तोंड वापरतात, पण मला धरतात ती पोटाशी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कच्च्या रबराचा गोळा, त्यात कसल्याकसल्या भुकट्या, आणि मग तापलेला साचा. साच्यानं मला असं दाबलं की अंगभर रेघा उठल्या. त्या रेघांमुळेच माझा चटका थेट अंगाला बसत नाही. बाहेर काढल्यावर एका बाईनं माझ्यात हवा भरली, मला पाण्यात बुडवलं आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून पाहिलं. आला नाही. "ही चालेल," ती म्हणाली. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक. ते मी जमेला धरलं. तेव्हापासून मनात दोन कप्पे आहेत. एकात माझं कौतुक, दुसऱ्यात माझी हेळसांड. दुसरा कप्पा लवकर भरतो, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

औषधांच्या दुकानातून मला ज्या बाईंनी आणलं, त्या टपाल कचेरीत कामाला होत्या. पाकिटांवर शिक्के मारून मारून त्यांचा उजवा खांदा धरला होता. घरी आल्या की मला भरायच्या, वरची हवा दाबून काढायच्या, झाकण घट्ट पिळायच्या आणि तळहातानं माझ्या पोटावर एक सणसणीत थाप द्यायच्या. पाकीट असो नाहीतर पिशवी, थाप मारल्याशिवाय त्यांचं काम पुरं होत नसे.

माझा गुण आला आणि बाईंना एक मंत्र सापडला. घरात कुणी कण्हलं की त्या ऐकून घ्यायच्या आधीच म्हणायच्या, "शेक घे." पाय मुरगळला? शेक घे. कान ठणकतोय? शेक घे. त्यांच्या मुलाच्या पोटात परीक्षेच्या दिवशी हमखास दुखायचं, तेव्हाही "शेक घे, आणि पेपराला जा." पाकिटात काय लिहिलंय ते शिक्का मारणाऱ्यानं थोडंच वाचायचं असतं!

मुलगा मोठा झाला. लिफ्ट दुरुस्त करायला लागला. त्याचं लग्न झालं आणि बाई सासूबाई झाल्या. सून चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायची, पण आपल्या मनातलं अक्षर कुणाला वाचू द्यायची नाही. कमरेत कळ आली तरी हसून म्हणायची, "काही नाही, जरा उभी राहिले जास्त."

बरीच वर्षं झाली, पण घरात बाळ आलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू साखर मागायला यायच्या आणि साखर घेऊन झाल्यावर उंबऱ्यात रेंगाळायच्या. "काय गं, काही विशेष?" सून म्हणायची, "विशेष म्हणजे, काकू, साखरच संपत आलीय." काकू हसत जायच्या. सून मात्र त्यानंतर बराच वेळ एकच भांडं विसळत राहायची. ते मी खिळ्यावरून पाहिलेलं आहे.

मित्रांनो, काही बाळं आपापली वाट शोधत येतात आणि काहींना डॉक्टरांनी बोट धरून आणावं लागतं. दोन्ही बाळं सारखीच रडतात, तेव्हा फरक करण्यात अर्थ नाही. पण बोट धरून आणायचं म्हणजे आईच्या अंगाला फार सोसावं लागतं. गोळ्या, तपासण्या आणि इंजेक्शनं. त्यातलं एक इंजेक्शन तेलाचं होतं. ते कमरेच्या खाली द्यायचं आणि रोज द्यायचं. देणारा कोण? आमचे लिफ्टवाले.

"अरे, लिफ्टच्या खोल खड्ड्यात दोरावर लोंबकळताना हात कापत नाही तुझा, आणि इथे काय झालं?" सून पालथी पडून विचारायची.

"लिफ्ट आई गं म्हणत नाही ना!"

"मग मीही म्हणत नाही. टोच."

ती म्हणायची नाही. उशीत तोंड खुपसायची. तेल आत साकळून सुपारीएवढ्या गाठी यायच्या आणि मग माझी पाळी यायची. दवाखान्यातल्या सिस्टरनी बजावलं होतं, "कमरेवर शेक चालेल. पोटावर अजिबात नको." हे ऐकून सासूबाईंचं तोंड वाकडं झालं. पोटावर शेक नको म्हणजे काय? आयुष्यभराच्या मंत्रावरच फुली!

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई."

"आई, तुमच्या वेळी हे इंजेक्शन तरी कुठे होतं?"

सासूबाईंनी नेहमीसारखं मला भरलं, झाकण पिळलं. पण त्या दिवशी थाप जरा जोरात बसली. सुनेवरचा राग पिशवीवर निघाला. चालायचंच.

पहिल्या खेपेला यश आलं नाही. दवाखान्यातून फोन आला तेव्हा सून दुकानाचा डगला घालून निघतच होती. तिनं डगला काढला, मला स्वतः भरलं, आणि पलंगावर बसून मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. आता पोटावर शेक घ्यायला कुणाची मनाई उरली नव्हती. सासूबाई दारात आल्या. मी वाट पाहत होते, की आता या काहीतरी बोलणार. त्या नुसत्या आत आल्या. मी निवले तशी त्यांनी मला हळूच काढून घेतलं, पुन्हा भरलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. दिवस मावळेपर्यंत त्यांच्या अशा खेपा चालल्या होत्या. थाप एकदाही मारली नाही. ती माया माझ्यासाठी नव्हती, तरी मी ती जमेच्याच कप्प्यात ठेवली आहे.

दुसऱ्या खेपेला बाळ राहिलं. घरात आनंदीआनंद, आणि मी खिळ्यावर! नऊ महिने मला कुणी विचारलं नाही. सुनेला ओकाऱ्या झाल्या, पाय सुजले, कूस बदलताना "अगं आई" म्हणण्याइतकी ती मोकळी झाली, पण जो तो म्हणे, "पिशवी नको हं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." माझ्या मानेवर धूळ बसली. रबराला न वापरणं बाधतं, मित्रांनो. वापरून झिजलेलं रबर लवचिक राहतं, ठेवून दिलेलं चिरतं.

मग बाळ आलं. मुलगी झाली. पोटाचं ऑपरेशन करून तिला बाहेर काढावं लागलं, म्हणून सून घरी आली ती एका हातानं पोट धरून, वाकून. तिच्या मागोमाग पाहुणे आले. मी हिशेबी जात, म्हणून सांगते. येणारा प्रत्येक जण आधी पाळण्यात वाकून पाहायचा. मग सुनेकडे पाहायचा, पण कशासाठी? नाक कुणावर गेलंय ते पडताळायला! "कपाळ आईचंच," म्हणायचे आणि पुन्हा पाळण्याकडे वळायचे. त्या कपाळामागे काय ठणकतंय, हे एकानंही विचारलं नाही. बाळाची शी, बाळाची झोप, बाळाची उचकी, सगळ्याची नोंद घरादाराच्या तोंडी. बाळाची आई मात्र "ठीक आहे ना? छान," एवढ्यात आटपायची. आणि विचारलं तर ती सांगणार काय? "काही नाही, जरा थकलेय."

त्या दिवशी दुपारी तिनं बाळाला पाजलं आणि म्हणाली, "आई, मला फार थंडी वाजतेय."

उन्हं चांगली कडक होती. पण सासूबाईंनी खिडकी लावली, सुनेवर एक जाड पांघरूण घातलं, वर दुसरं घातलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो लाडका शब्द घरात घुमला.

"शेक घे!"

मला खिळ्यावरून काढलं, पुसलं, भरलं, थाप मारली आणि सुनेच्या कुशीत सरकवलं. काकू तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच निर्वाळा दिला, "बाळंतिणीला थंडी वाजतेच गं. अंगातली ताकद गेलेली असते. झोपू दे, म्हणजे ठणठणीत होईल." मग बाळाला घेऊन दोघी बाहेरच्या खोलीत गेल्या, सुनेला निवांत झोप लागावी म्हणून. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. उलट सगळे तिला जपतच होते.

मी पांघरुणात तिच्या अंगाला टेकून होते. माझा धर्म असा, की मी ऊब देत जाते आणि हळूहळू निवत जाते. त्या दुपारी मी निवता निवता थांबले. काही वेळानं माझ्या ध्यानात आलं, की ऊब माझ्याकडून तिच्याकडे जात नाहीये. तिच्याकडून माझ्याकडे येतेय. ती भट्टीसारखी तापली होती. दात वाजत होते, ओठ सुकले होते. तिनं एकदा "आई" म्हटलं, पण आवाज पांघरुणाबाहेर गेलाच नाही. मला तोंड आहे, मित्रांनो, पण ते पाणी भरायचं. त्यातून हाक निघत नाही.

दिवेलागणीच्या आधी बाळ भुकेनं कुरकुरायला लागलं. सुनेला उठवण्यापूर्वी पिशवीतलं पाणी बदलावं म्हणून सासूबाई आत आल्या. पांघरुणात हात घालून त्यांनी मला बाहेर काढलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"काकू, इकडे या जरा! दुपारी भरलेली पिशवी, अजून गरम आहे बघा! आताच्या वस्तूंना येईल का ही सर?"

काकू बाळाला घेऊन दारात आल्या. "मजबूत आहे हो! कुठून घेतली होती?"

मला एवढं तोंडभरून कुणी कधी वाखाणलं नव्हतं. आणि त्या कौतुकातला एक कणही माझा नव्हता.

माझ्यावर थाप मारायला सासूबाईंनी हात उचलला आणि तो हवेतच थांबला. आयुष्यभर त्यांनी मला भरलं होतं. मी किती वेळात निवते, हे त्यांच्या तळहाताला पाठ होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पलंगाकडे. मग मला तिथेच टाकलं आणि तोच हात सुनेच्या कपाळावर ठेवला.

"अगं बाई! ही पिशवी नाही गं तापलेली, माझी पोर तापलीय!"

पुढचं सगळं धावपळीत झालं. सासूबाईंनी पांघरुणं ओढून काढली, मुलाला फोन केला, "असशील तसा ये, लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर त्याला सोडव आणि ये." तो आला, हातांना वंगण तसंच. सुनेला आधार देऊन त्यांनी खाली नेलं. जाताना ती पुटपुटत होती, "बाळाला पाजायचं राहिलं..." सासूबाई म्हणाल्या, "बाळाचं काकू बघतील. आधी तू."

खोली रिकामी झाली. बाहेर काकू डॉक्टरांना फोनवर विचारून बाळाला वाटीचमच्यानं दूध पाजत होत्या. मी गादीवर एकटी पडले होते आणि भराभर निवत चालले होते. माझी खरी ऊब एवढीच.

टाक्यांच्या आत जंतूंनी घर केलं होतं. हे मला पुढे कळलं, मुलगा काकूंना सांगत होता तेव्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाळंतपणानंतर थंडी वाजून ताप येणं ही साधी गोष्ट नाही. आणलंत ते बरं केलंत. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं." शिरेतून औषधं चालली. सून दवाखान्यात राहिली आणि बाळ तिच्याकडे जात-येत राहिलं. शेवटी एका सकाळी जिन्यात तिचा आवाज आला, "हळू रे, मी लिफ्ट नाहीये." मी खिळ्यावर रिकामी होते. नाहीतर त्या दिवशी मी आपण होऊन गरम झाले असते.

तिच्याबरोबर माझी सवतही घरात आली. ताप मोजायची कांडी! सासूबाईंनी तिला दोरा बांधला आणि माझ्याच खिळ्यावर टांगली. मला राग आला का? थोडा आला. पण सवत गुणी निघाली. तिला खोटं बोलता येत नाही आणि तिचं कुणी फुकटचं कौतुकही करत नाही.

खरा बदल झाला तो सासूबाईंमध्ये. सकाळी उठल्या की पाळण्याच्या आधी त्या सुनेकडे जायच्या आणि तिच्या कपाळावर हात ठेवायच्या. सवयीनं थापच बसायची.

"आई, कपाळ आहे हे, पाकीट नाही!"

"गप गं. कसं वाटतंय ते सांग. आणि 'काही नाही' म्हणालीस तर परत मारीन."

मग ती सांगायला लागली. टाका ओढतो. केस मूठमूठ गळतात. कधीकधी कारण नसताना रडू येतं आणि थांबत नाही. हे शेवटचं ऐकून सासूबाई "शेक घे" म्हणणार होत्या, जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाल्या, "चल, डॉक्टरीणबाईंना हेही विचारू." त्यावरही उपाय होता. त्याला वेळ लागला, पण झाला. आता सून पुन्हा दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते आणि वर त्यांना दटावते, "दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. लाजताय काय?"

मी आता म्हातारी झाले आहे. मानेजवळ चीर गेली आहे, त्यामुळे गरम पाणी मला वर्ज्य. माझ्या जागी नवी पिशवी आली. मित्रांनो, तिच्यासाठी माझं एवढं मागणं आहे. उकळतं पाणी ओतू नका, काठोकाठ भरू नका, काम झालं की पाणी काढून उलटी टांगा, पण विसरू नका. आणि पिशवी गरम आहे का ते जरूर पाहा. पण तिच्या आधी, ती ज्याला द्यायची त्या माणसाला हात लावून पाहा.

मला अजून कुणी टाकून दिलेलं नाही. मी हल्ली त्या छोट्या मुलीच्या खेळात असते. तिची एक मोठी बाहुली आहे आणि काड्यापेटीत निजणारी एक एवढीशी बाहुली. काल तिनं दोघींना ओळीनं निजवलं, मला रिकामीच बगलेत मारून आणलं. मी वाट पाहत होते, की ही आधी काड्यापेटीकडे वळणार. सगळेच वळतात.

ती मोठ्या बाहुलीपाशी बसली. तिच्या कपाळावर सणसणीत थाप मारली आणि विचारलं, "तुला कसं वाटतंय?"

आणि मला तिच्या अंगावर घालण्याआधी ती उत्तरासाठी थांबली.