व्याह्यांची अकेशिया

तलासच्या खोऱ्यात घेवडा पिकला तरच घर चालतं. यंदा तोक्तोसूनच्या निम्म्या शेंगा अळीने पोखरल्या. शेतकी खात्याच्या गुलसायराबाई आल्या आणि त्यांनी बांधापलीकडच्या अकेशियाच्या रांगेकडे बोट दाखवलं. ही अळी आधी त्या झाडांच्या शेंगांवर पोसते, मग तिचा पतंग होतो आणि तो घेवड्यात अंडी घालतो.

"झाडं तोडा," त्या म्हणाल्या, "नाहीतर पुढल्या साली उरलेलं निम्मंही गेलं समजा."

तोक्तोसूनचं डोकं चालेना. गुडघाभर घेवडा कुठे, ताडमाड झाड कुठे, दोघांच्या पोटात एकच कीड कशी? आणि झाडं होती व्याह्यांची. एसेनकुल मधमाश्या पाळायचे, त्यांचा सगळा मध त्याच फुलांचा. त्यात लेक बुरुल गेल्या हिवाळ्यात सासूशी भांडून माहेरी आलेली. किती मिनतवारीने परत नांदायला धाडली होती.

"सरळ सांगून टाका," बायको म्हणाली.

"आणि त्यांनी पोर परत धाडली तर?"

"मग वाकडं सांगा."

तो गेला. एसेनकुलांनी मानाच्या जागी बसवलं, खास पाहुण्यालाच वाढतात ते मेंढीचं डोकं पुढ्यात ठेवलं. असल्या पाहुणचारात तक्रार कुठून काढायची?

"झाडं मात्र भलतीच वाढलीत हो, व्याही," तो चाचरत म्हणाला. "आमच्या घेवड्याला अगदी लागून."

"आवडली?"

"आवडली म्हणजे... सारखी नजर तिकडेच जाते. रात्री झोप लागत नाही."

एसेनकुल गंभीर झाले. "एवढं मनात होतं, तर बोलायचं नाही का आधी?"

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "समजले बहुतेक."

"काय समजले?"

"ते मला नाही समजलं."

आठवड्याने दारात गाडी उभी राहिली. एसेनकुल उतरले, विहीणबाई उतरल्या, बुरुल उतरली. मागे अकेशियाची रोपं, मुळांची माती ओल्या गोणपाटात बांधलेली.

"व्याह्यांनी नावाजलेली वस्तू एकट्याने ठेवली तर लोक तोंडात शेण घालतील," एसेनकुल म्हणाले. "कुठे लावायची? बांधावरच ना?"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तोक्तोसूनने तोंड उघडलं. तेवढ्यात विहीणबाई बुरुलच्या कपाळावरची माती रुमालाने पुसत म्हणाल्या, "सगळी हिनेच खणून काढली हो. मला हातच लावू देईना." बुरुल सासूच्या खांद्याला टेकून हसली. पोर हसते कशी हे तो विसरूनच गेला होता.

त्याने तोंड मिटलं आणि कुदळ आणली. गुलसायराबाईंना काय सांगायचं, पुढल्या साली खायचं काय, काही सुचत नव्हतं. पण खड्डे मात्र त्याने चांगले खोल घेतले.

"आता, झाडं खरंच आवडली ना तुम्हाला?" बुरुलने हळूच विचारलं. बापाला ती 'आता' म्हणायची, त्यांच्या बोलीत बाबा.

"खूप," तो म्हणाला. खोटं बोललो की खरं, त्याचं त्यालाच कळेना. "पाणी घालायला येत जा. सासूबाईंनाही आण."