इनोंगेचा तास

लुयांडो पडद्यावर बारा हा आकडा लिहून त्याचे अवयव पाडत होती, तेवढ्यात समोरचा काळा चौकोन एकदम उजळला आणि त्यात एका बाईचा चेहरा आला.

चेहरा फार जवळ होता. डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, नाकावर घाम आणि फोनच्या खालच्या कडेला काहीतरी शोधणारे डोळे. कॅमेरा सुरू झालाय हे तिच्या गावीही नव्हतं. तिच्या मागे बोरूच्या कुडाला टेकवलेली वल्ही दिसत होती. पेन्सिल तिने कानामागे खोचली होती.

इनोंगेची आई असणार, लुयांडोच्या मनात आलं. पोरगी तास सोडून उठली असेल आणि आईने फोन हातात घेतला असेल.

"आई, नमस्कार," ती म्हणाली. "इनोंगे कुठे गेली? तिला द्या ना फोन. गणित अर्धं राहिलंय."

बाईचे डोळे वर आले. पडद्यावर आपणच दिसतोय हे तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिने एकदम तोंडावर हात धरला, आणि चौकोन पुन्हा काळा झाला. थोड्या वेळाने खाली अक्षरं उमटली : माफ करा बाई. तीन आणि चार. पुढचं गणित द्या.

उत्तर बरोबर होतं. गुणाकार बारा, बेरीज सात. लुयांडो त्या अक्षरांकडे पाहत राहिली. फोन तर आत्ता त्या बाईच्या हातात होता.

"इनोंगे, तू आहेस ना तिथे?"

आहे, असं उमटलं.

"मग बोल माझ्याशी. माईक बिघडला असला तरी कॅमेरा चालतोय, मी पाहिलं. चेहरा दाखव. त्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

चौकोन काळाच राहिला.

लुयांडो राजधानीत, लुसाकाच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. तिथल्या काही मुलामुलींनी मिळून लांबच्या खेड्यांतल्या बारावीच्या मुलांना फोनवरून फुकट शिकवायला सुरुवात केली होती. तिच्या वाट्याला आली ती पश्चिमेकडची, कालाबो गावाच्याही पलीकडची इनोंगे. वयात फार अंतर नव्हतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी इनोंगे तिला ताई म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून थट्टा करायला लागली. ताई, तुम्ही शहरातल्या, गाय कधी जवळून पाहिलीत का? तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. माणसाला दुखलं की माणूस ओरडतो, त्याचा डॉक्टर कोणीही होईल, गाय काही सांगत नाही, तिला हुशार डॉक्टर लागतो, असं ती म्हणायची. गणितात ती चलाख होती, पण बोलायला लागली की तिला आवरावं लागे.

मग पुराचं पाणी सगळ्या माळावर पसरलं आणि इनोंगे येईनाशी झाली. दरवर्षीच तिकडची गावं त्या दिवसांत बेटं होतात, म्हणून लुयांडोने फारशी काळजी केली नाही. तिने निरोप पाठवला होता : कुठे आहेस? रागावलीस का? मी वाट बघतेय. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं होतं, की माईक बिघडलाय, मी ऐकेन आणि लिहून सांगेन.

परत आलेली इनोंगे मात्र पार मागे पडली होती. साध्या ऋण संख्यांतही चुकायची. लुयांडोला वाटलं, इतक्या दिवसांच्या खंडाने पोरीचा अंगचा हुशारपणाच गेला की काय. ती तिच्यावर चिडली, मग आपल्या चिडण्याचं तिलाच वाईट वाटलं आणि तिने सगळं पहिल्यापासून घेतलं. हळूहळू उत्तरं जमायला लागली. अलीकडच्या चाचणीत तर मुलीने छान गुण मिळवले होते, आणि लुयांडोने खोलीतल्या मैत्रिणींना सोबत घेऊन त्या आनंदात भाजलेली कणसं खाल्ली होती.

फोनमधून खरखर आली. मग एक आवाज आला. जाड, सावकाश, लुयांडोने कधीच न ऐकलेला.

"इनोंगे नाहीये, बाई. ती गेली."

"कुठे गेली?"

प्रश्न तोंडातून निघून गेला आणि मगच तिला त्याचा अर्थ कळला. पलीकडे कोंबडी कुरकुरली. कोणीतरी लांबून कोणाला तरी हाक मारली.

"पाणी चढलं होतं तेव्हा तिला ताप आला," बाई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी ती भलतंच बोलायला लागली. आम्ही तिला होडीत घातलं. दवाखाना पाण्याच्या त्या बाजूला. बोरूतून वाट काढत होतो. अर्ध्यात होतो."



लुयांडोच्या पडद्यावर बारा तसाच होता आणि त्याच्या शेजारी बाणाची खूण लुकलुकत होती. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"मग चाचणीत गुण कोणाला पडले?"

"मलाच," बाई म्हणाली.

लुयांडोने दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. इतके दिवस ती आठवड्यातून दोनदा एका मेलेल्या मुलीचं नाव घेऊन शिकवत होती, तिला शाबासकी देत होती, परीक्षेला घाबरू नकोस म्हणत होती. फोन बंद करून पळून जावं असं तिला वाटलं. ती जागची हललीही नाही.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगणार होते. तिचा फोन माझ्यापाशी होता. तुमचा निरोप आला, कुठे आहेस, मी वाट बघतेय. इथे सगळ्यांना ठाऊक होतं ती कुठे आहे ते. मला बघितलं की लोक गप्प व्हायचे. तिचं नावसुद्धा कोणी घेईना. एकट्या तुम्हीच होतात, ज्यांच्यासाठी ती अजून होती. तुम्हाला कसं सांगू? मग तासाची वेळ झाली. तुम्ही म्हणालात, इनोंगे, आहेस ना? मी लिहिलं, आहे."

"पण गणितं? गणितं कशाला सोडवत बसलात?"

पलीकडे बाईने घसा साफ केला.

"नुसतं आहे म्हणून भागेना. तुम्ही प्रश्न विचारायच्यात. माझं चुकायचं. मी नववीत शाळा सोडलेली, ही पोटात होती तेव्हा. एकदा तुम्ही म्हणालात, इनोंगे, तुला झालंय काय, आधी किती छान यायचं तुला. तिला कोणी ढ म्हणावं हे मला सहन होईना, बाई. ती ढ नव्हती. म्हणून तिची पुस्तकं काढली."

लुयांडोने डोळे मिटले. बाईने आणखी थोडी वाट पाहिली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, की आता हे बंद होणार ना. उत्तर न देताच लुयांडोने फोन ठेवला. ठेवला असंही म्हणता येणार नाही, तिचं बोट कुठेतरी लागलं आणि तो बंद झाला.

ती वसतिगृहाच्या अंगणात येऊन पायरीवर बसली. ऊन होतं, मुली दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, आणि हे सगळं तिला काचेआडून पाहिल्यासारखं दिसत होतं. तिने इनोंगेचे जुने निरोप काढले. पुराआधीचे सगळे ताई म्हणून सुरू होत होते. नंतरच्या एकातही ताई नव्हतं. सगळीकडे बाई होतं, जपून, मान खाली घालून लिहिल्यासारखं. हे तिच्या डोळ्यांसमोरून दर तासाला गेलं होतं.

संध्याकाळी तिने तावोंगाला सांगितलं. शिकवण्याचं वेळापत्रक तोच सांभाळायचा, आणि कोणाला कोण शिकवणार हे तोच ठरवायचा. ऐकता ऐकता त्याने हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, की नाव काढावं लागेल. कितीतरी मुलं जागेसाठी थांबली आहेत, आणि ही जागा शाळेतल्या पोरांसाठी आहे.

"काढ ना," लुयांडो म्हणाली. "तूच फोन कर आणि तूच सांग तिला."

"माझ्यावर का चिडतेस?"

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता, आणि तिला राग आला होता तो नेमका त्याचाच. शेवटी तिनेच सांगायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला, तेव्हा पहिल्याच घंटेला तो उचलला गेला. बाई वाट पाहत असावी. लुयांडोने मनाशी जुळवलेली वाक्यं घाईघाईने म्हणून टाकली : नियम आहे, नाव काढावं लागतंय, जागा दुसऱ्या मुलीला द्यायचीय. रडं कानावर येईल म्हणून तिने श्वास रोखून धरला होता.

"कुठल्या मुलीला?" बाईने विचारलं.

"ते अजून ठरलं नाही."

"मग इकडचीच कोणी घेता का? मी बघते." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "आणि बाई, कालचं ते पुढचं गणित राहिलं. तेवढं झालं असतं तर बरं झालं असतं."

लुयांडोला हसू आलं की हुंदका, ते तिलाच कळलं नाही. तिने गणित सांगितलं. बाईने ते पहिल्यांदाच बोलून सोडवलं, अडखळत, मधेच स्वतःवर वैतागत. शेवटचं पद मांडताना तिची जीभ अडली तेव्हा लुयांडो सवयीने म्हणून गेली, "घाबरू नकोस, इनोंगे," आणि पलीकडची पेन्सिल थांबली.

"आई," लुयांडो काही वेळाने म्हणाली, "तुमचं नाव काय?"

गावात तिला सगळे इनोंगेची आई म्हणत आले होते, आणि हल्ली तेही म्हणत नव्हते.

"नालिशेबो."

"नालिशेबो," लुयांडो म्हणाली, "उत्तर बरोबर आहे."

नवी मुलगी पाणी पूर्ण उतरल्यावर आली. तिचं नाव नामासिकु. ती शेजारच्या गावची होती. मूल झाल्यामुळे तिची शाळा मधेच थांबली होती आणि आता तिने पुन्हा नाव घातलं होतं. तिच्यापर्यंत कोणीतरी माळ तुडवत चालत गेलं होतं, आणि तिच्या आईबापांसमोर बसून ते हो म्हणेपर्यंत उठलं नव्हतं, एवढंच तावोंगाला कळलं होतं. फोनचा क्रमांक मात्र जुनाच होता. लुयांडोने तो पाहिला आणि त्याला काही सांगितलं नाही.

नामासिकुचा आवाज बारीक होता. मागे तिचं बाळ किरकिरलं, मग कोणीतरी त्याला थोपटल्याचा आवाज आला आणि ते शांत झालं. लुयांडोने तिला पहिल्यापासून समजावलं, दोनदा समजावलं, आणि विचारलं, की ज्यांचा गुणाकार चाळीस आणि बेरीज तेरा होते, असे दोन आकडे कोणते?

"थांबा बाई," नामासिकु म्हणाली. "करतेय. दोन आणि वीस... नाही. चार आणि दहा..."

ती पुटपुटत बोटांवर मोजत होती, आणि तेवढ्यात काळ्या चौकोनाखाली, कसलाही आवाज न करता, अक्षरं उमटली : पाच आणि आठ.

लुयांडो त्या अक्षरांकडे पाहत राहिली. नामासिकु अजून मोजतच होती.

"बरोबर," लुयांडो म्हणाली, आणि मग जरा मोठ्याने, "नामासिकु, तू घाई करू नकोस. तुझं झालं की तूही सांग."