बुटात वाढलेला पाय

"वाढला! पाय वाढला!" तंबूतली चारशे माणसं एकदम उठली. कुणी रडतंय, कुणी हात वर करून नाचतंय. आमच्या ओक्लाहोमात उन्हाळ्यात असे प्रार्थनेने बरं करणारे तंबू गावोगाव लागतात, पण या वेळी स्टेजवरच्या खुर्चीत माझा सख्खा भाऊ डेल बसला होता.

त्याची पाठ दुखते. पास्टर टॅकेटने त्याचे दोन्ही पाय हातात धरून सांगितलं, "उजवा आखूड आहे!" मग डोळे मिटून आरडाओरडा केला, आणि पाय झाले सारखे.

इथवर मी चालवून घेतलं. पण टॅकेटने टोपली पुढे केली. "देवाने बरं केल्यावर औषध घेणं म्हणजे देवावर संशय! टाका यात!" आणि आमच्या गाढवाने इन्सुलिनची बाटली टाकली! पाय वाढला की रक्तातली साखर उतरते होय? माझं डोकंच फिरलं. तरातरा स्टेजवर गेले.

"डेल, बूट काढ."

"ताई, लोकांसमोर?" आमच्याकडे पुरुषमाणूस चारचौघांत बूट काढत नाही, हे या बुवाला पक्कं ठाऊक. "मोजा फाटलाय गं."

"मेल्यावर शिवू. काढ!"

टॅकेट हसला. "बाई शाळेत विज्ञान शिकवतात! भगिनी, देव तुमच्या फूटपट्टीत मावत नाही."

"नसेल मावत. मी देवाला मोजायला आलेच नाही. डेलचा पाय मावतो की! पुन्हा करा चमत्कार, अनवाणी पायांवर."

डेलने बूट-मोजे काढले. अनवाणी पाय आधीपासूनच सारखे. टॅकेट घामाघूम. "संशय आला की कृपा निघून जाते," तो पुटपुटला.

"कृपा नाही, बूट निघाला!"

मी डेलला बूट घालायला लावले. डावा बूट टाचेकडून हळूच अर्धा इंच ओढला, तो पाय लांब दिसू लागला आणि उजवा आखूड. परत दाबला, सारखे. प्रार्थनेचा एक शब्द न उच्चारता मी तीनदा पाय वाढवला.

डेलने मान खाली घालून बाटली उचलली. टोपलीत अजून दहा-बारा जणांची औषधं होती.

"देव आहे की नाही, यावर जन्मभर भांडा," मी ओरडले, "पण त्याच्या नावाने कुणी तुमच्या शरीराबद्दल काही सांगितलं, तर ते तपासता येतं. तपासा! आणि तोवर औषधं घ्या. या, आपापली घेऊन जा!"

दोघीजणी आल्या. बाकीचे डोळे मिटून गात राहिले.