मर्नाच्या खांद्याला झेपणारं काडतूस

मित्रांनो, रायफल म्हटलं की तुम्हाला धडकी भरत असेल. मी स्वतः एक म्हातारी रायफल आहे आणि माझीही गत वेगळी नाही. माझ्या नळीच्या टोकापर्यंतच मला सगळं कळतं. गोळी तिथून सुटली की पुढे काय झालं ते मी माणसांच्या चेहऱ्यांवरून ओळखते.

कारखान्यात माझ्या पोलादी नळीला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला गेला. नळीच्या मुळाशी एकाच मापाच्या काडतुसासाठी जागा कोरली गेली. त्या मापाचं नाव टू-सेव्हन्टी. रायफलीचं नशीब तिथेच ठरतं. मग दुसरं काडतूस तिच्यात चालत नाही.

मला अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात राहणाऱ्या ऑर्विल टॅगर्ट यांनी घेतलं. बर्फ पडायला लागला की ते मला खांद्याला अडकवून एल्कच्या शिकारीला निघत. एल्क म्हणजे सांबराहून कितीतरी थोराड हरीण. एक मिळाला की घराला हिवाळाभर मांस पुरे. "हिने मला कधी दगा दिला नाही," असं ते शेजाऱ्यांना सांगत, तेव्हा माझा दस्ता उगीच उबदार व्हायचा.

ऑर्विल गेले आणि त्यांच्या मुलाने, लॉईडने, मॅग्नम नावाची नवी रायफल आणली. तिचं काडतूस माझ्याहून जाड, खांद्याला बसणारा दणका माझ्याहून कितीतरी मोठा. मी कपाटात मागे सरले. माझ्या नळीवर गंजाचा ठिपका पडला, तो कोणी पाहिला नाही.

लॉईडची धाकटी बहीण मर्ना शाळेची बस चालवते. घोड्यावरून पडून तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ते जुळून आल्यावर, गेल्या वर्षी, लॉईडने तिच्या हाती आपली मॅग्नम दिली. गोळी एल्कला लागली, पण पोटात, हे मी कपाटातून ऐकलं. रक्ताच्या थेंबांमागे दोघं अंधार पडेपर्यंत चालले. मग बर्फ पडला आणि खुणा पुसल्या गेल्या. जनावर सापडलं नाही. मर्ना घरी येऊन बूटही न काढता खुर्चीत बसून राहिली.

या वर्षी तिने मला कपाटातून काढलं आणि तेलाच्या फडक्याने गंज घासायला घेतला. लॉईड दारात उभा राहून हसला.

"एल्क मारायचाय, मर्ना. ससे नाही."

"बाबांनी काय ससे आणले होते?"

"तेव्हा जनावरं जवळ यायची. आता लांबून मारावं लागतं. मॅग्नमची सवय कर."

"तिच्या दणक्याची सवय झालीय, लॉईड. म्हणूनच तर चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात."

दोघं गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेले. मर्ना म्हणाली, "तू भरून दे. मधेच एखादं वापरलेलं, रिकामं काडतूस घाल. मला सांगू नकोस."

मॅग्नमचा चाप ओढला तेव्हा नुसतं 'खट' झालं. पण नळी झटक्यात खाली गेली. दणका यायच्या आधीच मर्नाने अंग चोरलं होतं. लॉईडचं हसू मावळलं. मग माझी पाळी आली. माझ्यातही 'खट' झालं, पण माझी नळी हलली नाही.

"बरं," लॉईड म्हणाला. "पण गोळी जड घे. वरच फुटून विखुरणारी नको, आत खोल गेली पाहिजे. आणि जवळ जावं लागेल."

"जाईन."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी धास्तावले. माझ्यामुळे दुसरं जनावर तडफडत हरवलं तर?

डोंगरात दरीपलीकडे एक मोठा नर दिसला. लॉईड कुजबुजला, "मार." मर्नाने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि मला खाली ठेवलं.

"लांब आहे."

"मॅग्नम असती तर पडला असता."

"किंवा गेल्या वर्षीसारखा गेला असता."

लॉईड फणकाऱ्याने मागे राहून चालू लागला. दुपारी, आपला वास जनावराला जाऊ नये म्हणून वारा समोरून घेत, ती पाइनच्या झाडांतून सरपटत गेली. एक तरुण नर आडवा उभा होता. माझा दस्ता तिच्या खांद्याला टेकला. तिचा श्वास थांबला आणि मी कडाडले.

एल्कने उडी मारली आणि तो झाडीत गेला.

बर्फावर रक्त नव्हतं. मर्नाचा चेहरा पांढरा पडला.

"मी परत तेच केलं."

"गप्प बस," लॉईड मागून येऊन म्हणाला. "ही कॉफी पी. लगेच मागे गेलं तर तो आणखी पळेल."

त्या वेळी मला बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, की माझी नळी हलली नव्हती. पुष्कळ वेळाने दोघं खुरांच्या खुणांमागे निघाले. एका खोडावर लाल डाग होता. लॉईडने बोट लावलं.

"फेसाळ आहे. फुप्फुसात लागलीय."

पडलेल्या झाडापलीकडेच एल्क होता, निपचित. मर्नाने हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

लॉईड बाजूला बर्फात बसला. "माझ्या परवान्यावरचा एल्क बाकी आहे अजून. ही रायफल मला देशील?"

"खांदा दुखतो?"

"किती तरी वर्षं. सांगणार कोणाला?"

मर्ना हसली नाही. "आधी खाणीत चल. तुझा नेम बघू, मग डोंगर."

मित्रांनो, मला तेल लावा, गंज चढू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनंती अशी, की हत्यार निवडताना शेजाऱ्याकडे काय आहे ते पाहू नका. आपल्याला काय झेपतं ते पाहा. झेपत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला हसू नका. तुमची चूक तुमच्याआधी त्या मुक्या जनावराला भोगावी लागते.

उद्या खाणीत लॉईड मला पहिल्यांदाच खांद्याला लावेल. रिकाम्या काडतुसावर तो चाप ओढेल आणि माझी नळी हलते का ते कळेल, तोपर्यंत मला चैन पडणार नाही.